कॅनिंगमधला पहिला हंगाम
बाळा, रत्नागिरीत आंबा डबाबंद करायच्या, कॅनिंगच्या कामाला लागलास, म्हणजे मे महिन्यात जेवायलाही फुरसत मिळायची नाही. पण माणूस नुसत्या कामाने खचत नाही. कामाचा डोंगर डोक्यावर आणि निर्णय एकही हातात नाही, ही जोडी पोखरते. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच हे मांडलंय. म्हणून साहेबांकडे एखादं काम पूर्ण स्वतःकडे मागून घे, अगदी एक रजिस्टर का असेना.

पहिल्या वर्षी माझ्याकडून बॅच नंबर चुकला. ओरडा बसेल म्हणून तीन दिवस गप्प राहिलो. रात्री अंथरुणातही डब्यांचा खडखडाट ऐकू यायचा. तू चूक त्याच दिवशी सांग. आणि मन फारच जड झालं तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.