जुन्या माझदा मिआटाचा टाकीतला फ्युएल पंप घरी बदलता येईल का?

हो, टाकी न उतरवता. पहिल्या पिढीच्या मिआटात सीटांमागच्या कार्पेटखाली पत्र्याचं झाकण असतं, पंप त्याखालीच. पण आधी पंपाच्या कनेक्टरला १२ व्होल्ट येतात का बघा. कित्येकदा दोष रिलेचा (पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचचा) किंवा अर्थिंगचा निघतो.

इंजिन चालू ठेवून पंपाचा रिले काढा. ते बंद पडलं की लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, दारं सताड उघडी ठेवा.

सगळ्यात जपायचं ते टाकीच्या आत पंपाला जोडलेल्या, वीतभरही नसलेल्या होजला (रबरी नळीला)! साधा फ्युएल होज बाहेरून पेट्रोल सोसत नाही, फुगून मऊ पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत परत तेच काम निघतं. एसएई ३०आर१० (पेट्रोलात बुडून राहणाऱ्या होजचं मानक) छापलेलाच घ्या. पंपाच्या तोंडाची गाळणीची जाळी आणि झाकणाखालचं गॅस्केटही नवंच टाका.