फोटो दाखवा, पण नाव सुचवू नका

तुमच्या आजोबांचा इराण्याच्या हॉटेलासमोरचा फोटो पाहिला. पाटीवर "रेस्टॉरंट अँड स्टो" एवढंच उरलंय, मालकाचं नाव चौकटीबाहेर गेलंय. खाली तुम्ही विचारलंय, "हे गिरगावातलंच ना?" त्यावर चौदा जणांनी "हो, गिरगावच" म्हणून पाच वेगवेगळी नावं दिली आहेत. ते वाचलं आणि राहवलं नाही. अगदी अशाच पद्धतीने मी एकदा विचारलं होतं, आणि त्या एका प्रश्नापायी माझी तीन वर्षं गेली. वर्षांचं दुःख नाही, पण सोबत जे गेलं ते परत येणार नाही.

आधीच सांगतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. आयुष्य बँकेत गेलं, निवृत्तीनंतर ह्या नादाला लागलो. माहिती आहे ती दक्षिण मुंबईपुरती. पुण्या-नागपूरच्या फोटोंना ह्यातलं किती लागू पडेल, ते तिथल्या जाणत्यांनी सांगावं.

माझ्याकडचा फोटो आजोबांच्या छत्र्यांच्या दुकानाचा. पाटीवर आमचंच आडनाव, पुढे "आणि मंडळी". त्यामुळे दुकान कुणाचं हा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता ते कुठलं. घरात लहानपणापासून "ठाकुरद्वारचं दुकान" (ठाकुरद्वार म्हणजे गिरगावातलाच एक भाग) असंच ऐकलेलं. मी फोटो स्कॅन केला, कडेचा फाटका, काळपट भाग कापून नीटनेटका केला आणि नातेवाइकांना पाठवला. सोबत लिहिलं, "हे आपलं ठाकुरद्वारचं दुकान ना?"

सगळे हो म्हणाले. नुसते हो म्हणाले नाहीत, प्रत्येकाने पुरावा दिला. चुलतभावाला समोरची फुलवाली आठवली. शेजारच्या काकांना बाजूचा शिंपी आठवला. कुणीही खोटं बोलत नव्हतं. ठाकुरद्वारला आमचं दुकान खरंच होतं, फुलवालीही होती, शिंपीही होता. फक्त ते दुसरं दुकान होतं, नंतरचं. फोटोतलं पहिलं दुकान कुठे होतं, हे मी विचारलंच नव्हतं. मी ठाकुरद्वारचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी ठाकुरद्वारच्या आठवणी काढल्या.

ह्यात आत्याचं मनाला सगळ्यात जास्त लागतं. पहिल्या दुकानात लहानपणी बसलेली घरात ती एकटीच उरली होती. फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "पायऱ्या चढता यायच्या नाहीत, बाबा उचलून घ्यायचे." मी म्हणालो, "नाही गं आत्या, ठाकुरद्वारच्या दुकानाला पायऱ्या कुठे होत्या? ते रस्त्याला लागूनच होतं." ती म्हणाली, "असेल बाबा," आणि फोटो परत दिला. फोटोत आजोबांच्या पायाशी तीन दगडी पायऱ्या स्वच्छ दिसतात. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्याच पावसाळ्यात आत्या गेली.

मग तीन वर्षं मी ठाकुरद्वार पिंजून काढलं. एका सरकारी कार्यालयात (नाव लिहीत नाही) दुकानांच्या नोंदींसाठी सहा-सात खेपा घातल्या. पहिल्यांदा म्हणाले, रस्त्याचं आजचं नाव लिहून द्या. दिलं, तर म्हणाले, जुन्या वह्या जुन्या नावाने लावल्यात. म्हणजे मी "जगन्नाथ शंकरशेट मार्ग" लिहिलं होतं आणि त्यांना "गिरगाव रोड" हवं होतं. ते लिहून नेलं, तर इमारतीचा सीएस नंबर (जमिनीच्या मोजणीतला क्रमांक) मागितला. तो मिळवला, तर वह्या दुसऱ्या इमारतीत हलवल्या आहेत. तिथे गेलो, तर वाळवीने खाल्ल्या. प्रत्येक वेळी समोरच्या माणसाला आधीचं काहीच माहीत नसायचं. आपल्या शहराच्या नोंदी अशा कुजू देतात, ह्याची मला आजही चीड येते. पण प्रामाणिकपणे सांगायचं, तर वह्या मिळाल्या असत्या तरी मी चुकीच्याच रस्त्याचं पान उघडलं असतं.

उलगडा एका वाचनालयात झाला. तिथे रोज येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मूळ फोटो दाखवला, कडा न कापलेला. बोलायला तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "थांबा, आधी बघू द्या." भिंग घेऊन त्यांनी डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी कापून टाकलेला तोच काळपट भाग. तिथे ट्रामचे रूळ होते आणि त्यातली एक जोडी वळत होती. "इथून ट्रामगाडी दुसऱ्या रस्त्याला फुटते. नाक्यावरचं दुकान आहे हे." धोबीतलावाला गिरगाव रोड आणि काळबादेवी रोड वेगळे होतात. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. फोटोतल्या बाजूच्या इमारतीच्या गॅलरीखालचे लाकडी घोडे (आधाराचे टेकू) अजून जागेवर होते. आमच्या दुकानाच्या जागी नवी इमारत, पण जोतं उंच. आत शिरायला आजही पायऱ्या चढाव्या लागतात.

म्हणून कळकळीने सांगतो, आजपासून फोटो दाखवताना जागेचं, हॉटेलचं, सालाचं नाव काढू नका. "ह्यात काय काय दिसतंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. एकेकाला वेगळं विचारा. घोळक्यात पहिला जे बोलतो, तेच बाकीच्यांना आठवायला लागतं. आणि कुणी काही विसंगत बोललं, तर ते सगळ्यात आधी लिहून ठेवा. तुमच्या फोटोबद्दल माझ्या मनात एक नाव आलंय. ते मी मुद्दाम लिहीत नाही.

सालाबद्दल थोडं. पाटीवर किंवा दरफलकावर "आणे" असतील, तर पाटी बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीची. "न. पै." (नवे पैसे) असेल तर त्यानंतरची, १९६४ च्या आसपासपर्यंतची. पत्त्यात नुसतं "मुंबई ४" किंवा "मुंबई २८" असेल, तर पाटी बहुतेक १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड येण्याआधी रंगवलेली. मला सगळ्यात आवडणारी खूण शुद्धलेखनाची. आमच्या पाटीवर "येथें छत्र्या दुरुस्त करून मिळतील" असं आहे, "थें"वर अनुस्वार. १९६२ च्या नियमांनी हे अनुस्वार गेले. अर्थात पाटी रंगवल्यावर वीस वीस वर्षं तशीच लटकते, त्यामुळे ह्यातून पाटीचं वय कळतं, फोटोचं नाही. रुळांचंही तसंच. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, पण बरेच मार्ग त्याआधीच बंद झाले होते आणि रूळ पुढेही रस्त्यात राहिले. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी ते सापडले होते. भिंतीवरच्या सिनेमाच्या पोस्टरवर तर अजिबात विसंबू नका, जुने सिनेमे मॅटिनीला वर्षानुवर्षं लागायचे.

कुणीतरी तुम्हाला "हा बार असावा" असं लिहिलंय. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी होती, ती साठच्या दशकात हळूहळू सैल झाली. परमिट रूम हा शब्द त्या काळाने दिलेला. तेव्हा मधल्या वर्षांतल्या फोटोत उघड दारूची पाटी दिसायला नको. त्याआधीच्या फोटोंत मात्र गुत्ते आणि ताडीची दुकानं असतात, आणि घरचे ती ओळखूनही "हॉटेल" म्हणून सांगतात. त्यांना खोदून विचारू नये असं माझं मत आहे.

एक हात जोडून विनंती. तो फोटो मोबाइलवरच्या एआयने "स्वच्छ" करू नका. ती यंत्रं पुसट अक्षरं वाचत नाहीत, नवी अक्षरं घडवतात. एका मित्राच्या फोटोत अशीच एक सुबक पाटी तयार झाली, आणि त्या नावाचं दुकान तो अजून शोधतोय. कागदपत्रांत शोधायचं असेल, तर जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती बघा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात तासभर बसलात तरी कितीतरी दुकानांचे पूर्ण पत्ते मिळतील. घरातल्या ट्रंकेत जुनी बिलं, कोटाच्या आतली शिंप्याची चिठ्ठी, लग्नपत्रिका असं काही असेल, तर तेही. आणि हे लवकर करा. मेट्रो तीनच्या कामात गिरगाव-काळबादेवीतल्या कितीतरी इमारती गेल्या, उरलेल्या पुनर्विकासात जात आहेत. जुळवून बघायला शेजारची भिंत तरी उभी असायला हवी.

फोटो उलटा छापलेला नाही, हे मी बघितलं. आजोबांच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर आहे, म्हणजे ठीक. इराणी हॉटेलं बहुतेक कोपऱ्यावर असायची, तेव्हा उजवीकडच्या खांबापलीकडे दुसरा रस्ता दिसतो का तेही पाहा.

आता तुमच्या फोटोतली एक गोष्ट. आजोबांच्या डाव्या खांद्यामागे दार उघडं आहे. आत संगमरवरी टेबलाचा कोपरा दिसतो आणि त्याच्यावर भिंतीवरचा मोठा आरसा. आरशात काहीतरी पांढरट, आडवं आहे. मला ती समोरच्या दुकानाची पाटी वाटते. मूळ फोटो, कडांसकट, १२०० डीपीआयला स्कॅन करा. आरशाचा भाग मोठा करून डावी-उजवी बाजू उलटवा आणि इथे टाका. मागची बाजूही टाका, कोरी असली तरी. सोबत काहीही विचारू नका.