डोळे मिटले की बादच दिसते

प्रश्न : मी सतरा वर्षांची, विजापूर रोडला राहते. खो-खोत पहिल्या तुकडीत संरक्षण करते. सरावात दोन मिनिटं आरामात पळते, पण स्पर्धेत अर्ध्या मिनिटात खांबाजवळ बाद! सर म्हणाले, रोज रात्री डोळे मिटून स्वतःला जिंकताना बघ. मला मात्र खांबावर सूर मारून मला टिपणारी मुलगीच दिसते, मग झोपही उडते. हे बंद करू का?
– एक खेळाडू, सोलापूर

उत्तर : बंद नको करूस गं, काय बघायचं ते बदल. चषक, टाळ्या, पेपरातला फोटो हे सगळं आईबाबांना बघू दे. पायांना त्यातून काही कळत नाही. त्यांना कळतं ते खांबाजवळचं एक पाऊल.

तेवढंच घे. एकदा दिशा धरली की आक्रमकाला खांबाच्या रेषेपर्यंत मागे फिरता येत नाही, हा नियम तुझ्या बाजूचा. ती खांबाकडे झेपावते तेव्हा तुझं वजन कुठल्या पायावर असतं? मान कधी वळते? आत शिरताना बसलेल्या मुलीची पाठ दिसते की तोंड? हे प्रेक्षकांतून नाही, स्वतःच्या डोळ्यांतून बघायचं. चित्र अंधूक आलं तरी चालेल. पायाखालची माती आणि कानावर आलेला ‘खो’ जाणवला तरी पुष्कळ झालं.

पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स या अभ्यासकांनी 2001 मध्ये हेच मांडलं : कल्पना खऱ्या खेळाच्या जितकी जवळ, तितकी कामाची. म्हणून अंथरुणात नको. सकाळचा सराव संपला की घाम वाळायच्या आत, बूट न काढता, मैदानावरच उभी राहून कर. मोबाईलवर स्टॉपवॉच लाव, मनातल्या मनात एक मिनिट पळ आणि मग बघ. वीस सेकंदांतच संपलं असेल तर मधलं सगळं तू गाळलंस. बहुधा खांबच गाळला असशील!

आता ती सूर मारणारी. तिला हाकलू नकोस, येऊ दे. ती झेपावण्याआधी चित्र थांबव, दोन पावलं मागे ने आणि सुटून दाखव. अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याच्याकडून बिघडलेल्या शर्यतीही मनात पोहून घेत. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, पुढचं दिसेना. हात मोजत पोहला आणि 1:52.03 या विश्वविक्रमी वेळेत सुवर्ण घेतलं. (तो हे रात्री झोपताना करायचा, हे खरं. पण त्याची झोप उडत नव्हती.)

पाच मिनिटं पुरेत. यानं पळण्याचा सराव मात्र कमी करायचा नाही. सर रागावले तर मी त्यांच्याच बाजूची. आणि स्पर्धेत बाहेर बसलेली असताना डोळे उघडे ठेव, समोरच्या संघात खांबावर कोण सूर मारतंय ते बघून घे.