एप्रिलची दुपार आणि उजळाईवाडी

भावा, सोलो झालं, म्हणजे विमान पहिल्यांदा एकट्याने उडवलंस, पेढे वाटलेस, झकास! आता एप्रिलचं ऐक. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. दुपारी पारा ३७ अंशांवर गेला की विमानाला तीच हवा ५००० फुटांवरच्यासारखी विरळ लागते. इंजिन मरगळतं, उचल उशिरा मिळते, धाव लांबते. म्हणून टेकऑफचा तक्ता, म्हणजे किती धाव लागेल तो हिशोब, त्याच दिवसाच्या तापमानाने काढ; कालचा आकडा चालवू नकोस. खरं तर सकाळीच उड.

टाकीच्या तळातलं थोडं इंधन काढून त्यात पाणी आहे का ते तपासायचं, तेही स्वतःच. मी एकदा आळस केला. नशीब, इंजिन जमिनीवरच खोकलं.

पावसाळ्यात गगनबावड्याकडे ढग डोंगराला टेकलेले दिसले तर खालून वाट शोधू नकोस, सरळ माघारी वळ.