कामकरी लोकांची खरी चित्रं काढणारा युरोपियन चित्रकार कोण?

सोल्व्हिन्सची चित्रं पाहा. बेल्जियममधल्या अँटवर्पचा माणूस, १७९१ मध्ये कलकत्त्याला आला आणि राजेमहाराजे सोडून धोबी, पालखीवाले, वादक, नावाडी असे रोज राबणारे लोक काढत बसला, १७९९ पर्यंत २५० चित्रांचा संच छापला पण तो खपला नाही, मग पॅरिसला १८०८ ते १८१२ मध्ये पुन्हा चार मोठे खंड काढले.

मूळचा जहाजांची चित्रं काढणारा, त्यामुळे बंगालच्या होड्या तर फारच भारी. माणसांची मांडणी जातीनुसार केलीये, ते मला खटकतं, पण कामाची अवजारं, कपडे नीट दिसतात. मी नागपूरचा, इतवारीतले हमाल रोज पाहतो, त्यांची अशी चित्रं कोणीतरी काढायलाच पाहिजे यार!