तांडा, फाटा आणि जनगणनेचा आकडा

प्रश्न : आमचा तांडा महसुली गावापासून अडीच किलोमीटर दूर आहे. 2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सापडते, तांड्याची सापडत नाही. गावापर्यंत डांबरी रस्ता असल्यामुळे आम्हालाही रस्ता आहेच, असे सांगितले जाते. एसटी फाट्यावरूनच पुढे निघून जाते. तांड्याला स्वतंत्र रस्ता मिळण्यासाठी किती लोकसंख्या लागते? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : आपल्याला जे सांगितले गेले ते चूक आहे. जनगणनेची ग्राम-निर्देशिका महसुली गाव हा एकक धरते, त्यामुळे तांडे, वाड्या आणि पाडे यांची माणसे मूळ गावाच्या आकड्यात मिसळून जातात. बससेवेची नोंदही गावाच्याच नावावर होते. मात्र 2000 साली सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना गाव नव्हे, वस्ती मोजते. बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून किमान 500 मीटर दूर असलेली वस्ती ही या योजनेच्या हिशेबाने न जोडलेली वस्ती ठरते. आपला तांडा तर अडीच किलोमीटरवर आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात देशभरातील 25,000 वस्त्या जोडायच्या असून पात्रतेसाठी 2011 चीच लोकसंख्या धरली जाते. सपाट प्रदेशात 500 लोकसंख्या लागते, तर अनुसूचित क्षेत्रात किंवा आकांक्षित (म्हणजे विकासात मागे म्हणून सरकारने निवडलेल्या) तालुक्यात 250 पुरते. बीड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. आपला तालुका आकांक्षित आहे का, एवढे पंचायत समितीत आधी पाहून घ्यावे. आकडा थोडक्यात हुकत असेल, तर 500 मीटरच्या आतल्या शेजारच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, ही तरतूद अर्ज करताना बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. शेतात घरे बांधून राहिलेली कुटुंबे त्यामुळेच कागदावर आणावीत. ग्रामसभेच्या ठरावाला घरनिहाय यादी जोडली, तर ‘गावाला रस्ता आहे’ या उत्तरावर कोणाला थांबता येणार नाही.

खरी अडचण आकड्यातच आहे. 2011 ची लोकगणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन ऊस गाळप हंगामात, तांड्यातली माणसे ऊसतोडीला कारखान्यांकडे गेलेली असताना. त्या संपूर्ण काळात जी माणसे घरी नव्हती, ती जिथे राहत होती तिथे मोजायची, असा नियम होता. ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत जे जोडपे ‘एक कोयता’ असते, ते जनगणनेत कारखान्याच्या परिसरातील गावाचे रहिवासी झाले, आणि तांड्याच्या वाट्याला मागे राहिलेले म्हातारे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मुले एवढेच आले. ज्या तांड्यातून निम्मी घरे उसाला जातात, त्याची नोंदलेली लोकसंख्या पावसाळ्यात तिथे नांदणाऱ्या माणसांपेक्षा बरीच कमी असणार, आणि बारमाही रस्त्याची गरज तर नेमकी पावसाळ्यातच असते. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027, म्हणजे तीही गाळप हंगामातलीच आहे. प्रगणक नजरी नकाशा (वस्तीचा ढोबळ आराखडा) काढतो तेव्हा त्यावर तांड्याचे नाव स्वतंत्रपणे लिहिले जाते आहे ना, हे कोणीतरी उभे राहून पाहावे.

एसटीचा निकष निराळा आहे. तिथे लोकसंख्येपेक्षा भारमान, म्हणजे गाडीत प्रत्यक्ष किती प्रवासी बसले, हे पाहिले जाते, आणि फाट्यावरून वडापने (खासगी जीपने) जाणारी माणसे त्या हिशेबात कधीच येत नाहीत. रस्ता होईपर्यंत गाडी तांड्यात येण्याची आशा धरू नये. पण फाट्यावर विनंती थांबा द्यावा आणि फेरीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवावी, असा अर्ज आगार व्यवस्थापकांकडे आजही करता येईल. शाळकरी मुलामुलींची नावे आणि इयत्ता त्यात लिहाव्यात. रोज ठरलेल्या वेळी जाणारे-येणारे तेच प्रवासी आहेत.