व्यायाम-आहारावर संशोधन करायचंय? आधी मोजायला शिक

प्रश्न : मी शास्त्र शाखेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नियमित व्यायाम करतो. प्रथिनं, चरबी, स्नायूंची वाढ यांवरचे शोधनिबंध आवडीने वाचतो आणि यातच संशोधन करायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, त्यापेक्षा ट्रेनर किंवा आहारतज्ज्ञ हो, निदान नोकरी तरी लागेल. गणित मला जड जातं. पुढे कोणता विषय घेऊ आणि सुरुवात कशी करू?

उत्तर : तुझ्या पत्रात व्यायामाबद्दल भरपूर आहे, पण मोजमापाबद्दल एक ओळही नाही. हे क्षेत्र मात्र मोजमापावरच उभं आहे. कुणाच्या अंगात किती चरबी आणि किती स्नायू, हे जिवंत माणसात थेट मोजता येत नाही. प्रत्येक पद्धत दुसरंच काहीतरी मोजते आणि गृहीतकांच्या आधारे चरबीचा आकडा काढते.

पाण्याखालच्या वजनाची जुनी पद्धत शरीराची घनता मोजते. सिरी यांच्या 1961च्या सूत्रात 495ला घनतेने भागून 450 वजा केले की चरबीचे टक्के मिळतात. त्यामागचं गृहीतक असं, की चरबीची घनता 0.9 आणि उरलेल्या शरीराची 1.1. मुलांमध्ये, वृद्धांमध्ये आणि काही खेळाडूंमध्ये हाडं आणि पाण्याचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे 1.1 हा आकडा हलतो आणि उत्तरही चुकतं. विद्युतरोधावर चालणारं यंत्र पाण्याचा अंदाज घेतं आणि चरबीविरहित शरीरात साधारण 73 टक्के पाणी असतं असं धरून पुढचं गणित करतं. म्हणून त्यावर उभं राहण्याआधी कुणी पाणी प्यायलं, घाम गाळला किंवा जेवून आलं, तर आकडा बदलतो. डेक्सा स्कॅन दोन ऊर्जांचे क्ष-किरण वापरून हाड, चरबी आणि बाकीचा मऊ भाग वेगळा करतो; पण त्या ‘बाकी’त स्नायूंबरोबर पाणीही येतं.

यातूनच अनेक गाजलेले निष्कर्ष फसतात. स्नायूत साठलेल्या कर्बोदकाच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं. कर्बोदकं एकदम कमी केली आणि 300 ग्रॅम ग्लायकोजेन संपलं, तर वजनात सव्वा किलोच्या आसपास घट दिसते आणि डेक्सा ती स्नायूंच्या खात्यावर टाकू शकतो. क्रिएटिन हे व्यायाम करणाऱ्यांचं पूरक सुरू केल्यावर याच्या उलट, पहिल्या काही दिवसांतच ‘स्नायू वाढले’ असं दिसतं. त्यातला बराचसा भाग पाणी असतो. म्हणून शोधनिबंध हातात घेतलास की निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग वाच. मोजणी सकाळी उपाशीपोटी होती का, लघवी करून झाली होती का, आदल्या दिवशी कठोर व्यायाम टाळला होता का, दोन्ही वेळा यंत्र आणि मोजणारा तोच होता का. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर एका किलोच्या फरकावर फार विसंबू नकोस.

आता गणित. कॅल्क्युलसची भीती बाजूला ठेव. इथे लागतं ते संख्याशास्त्र, आणि ते टाळून या क्षेत्रात टिकता येत नाही. समज, दोन आहारांमुळे बारा आठवड्यांत स्नायूंच्या वाढीत अर्धा किलोचा फरक पडेल असं तुला वाटतं, आणि माणसामाणसांतल्या बदलाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचं माप) 1.5 किलो आहे. फरकाला विचलनाने भागलं की 0.33 मिळतं. नेहमीचा ढोबळ नियम असा : 16ला या संख्येच्या वर्गाने भाग. म्हणजे प्रत्येक गटात सुमारे 144 माणसं. पाचातला एक मध्येच सोडून जाईल असं धरलं तर 180. आता तू वाचलेले दहा-दहा जणांच्या गटांचे अभ्यास आठव. त्यांत ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ बहुतेकदा एवढाच, की फरक दिसण्याइतकी माणसं नव्हती.

आणखी एक चूक तर छापून आलेल्या निबंधांतही सर्रास सापडते. एका गटात बदल संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय, दुसऱ्यात नाही, म्हणून पहिली पद्धत सरस असं लिहिलं जातं. पण दोन गटांची एकमेकांशी तुलना केलेलीच नसते.

छोटे अभ्यास नेहमीच टाकाऊ असतात असं मात्र नाही. आहार संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांच्या 2019च्या अमेरिकेतल्या प्रयोगात फक्त 20 जण होते. त्यांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं होतं; दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे कमी प्रक्रियेचं, आणि प्रत्येक घास मोजलेला. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होती आणि फरकही मोठा निघाला : अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. हीच रचना व्यायामाला लावता येत नाही, कारण बारा आठवड्यांच्या सरावाचा परिणाम शरीरातून पुसून दुसऱ्या फेरीला कोरी सुरुवात करता येत नाही. बाहेर राहणाऱ्या लोकांना ‘काय खाल्लंत’ विचारलं तर ते कमी सांगतात, हे ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-18 घातलेल्या पाण्याच्या चाचणीने (ती शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजते) वारंवार दिसलं आहे.

विषयाचं म्हणशील तर पदव्युत्तर पातळीवर व्यायाम शरीरक्रियाशास्त्र किंवा पोषणशास्त्र निवड. अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रबंध असलाच पाहिजे; नसेल तर नावाला भुलू नकोस. सोबत ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा शीक. पीएचडीला पुढे बहुतेक ठिकाणी तीन ते पाच वर्षं जातात आणि त्यानंतर विद्यापीठातल्या कायमच्या जागा कुठेही उमेदवारांपेक्षा कमीच असतात. घरच्यांची काळजी इथे खरी आहे. पण ज्याला चाचणीची आखणी आणि आकडेवारीचं विश्लेषण येतं, त्याला औषधांच्या चाचण्या, खेळाडूंचे संघ, आरोग्यविषयक डेटा इथेही काम मिळतं. फक्त ‘फिटनेसची आवड’ घेऊन गेलेल्याला मिळत नाही.

सुरुवात या महिन्यात, फुकटात नसली तरी स्वस्तात करता येईल. त्वचेची घडी मोजायचा कॅलिपर मिळव. वीस जणांची उजव्या दंडाच्या मागची घडी मोज. जागा टेपने काढून पेनने खूण कर, घडी अंगठा आणि तर्जनीत धर, कॅलिपर बोटांपासून एक सेंटिमीटरवर लाव आणि दोन सेकंदांनी आकडा वाच. सगळ्यांची एक फेरी झाली की पहिले आकडे झाकून दुसरी फेरी घे. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग कर, बेरीज 40ने भाग, वर्गमूळ काढ. बेरीज 14.4 आली तर तुझी मापनत्रुटी 0.6 मिलिमीटर. तिला 2.77ने गुणलं की 1.66 येतं. म्हणजे एखाद्याची घडी तुझ्या हातून 1.66 मिलिमीटरपेक्षा कमी बदललेली दिसली, तर तो बदल त्याच्या शरीरातला की तुझ्या हातातला हे तुला खात्रीने सांगता येणार नाही. त्रुटी मोठी येईल, तशी ती सगळ्यांचीच सुरुवातीला येते. पुढे ‘आयसॅक’ या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम कर, त्यात आठ घड्या येतात. यंत्र विकणाऱ्या कंपन्यांच्या एकदिवसीय प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नकोस.

एक सावधगिरी. स्वतःचा चरबीचा आकडा रोज बघण्याची सवय असेल तर ती आत्ताच मोड. या विषयाकडे खाण्याशी बिनसलेलं नातं असलेले लोकही ओढले जातात, सहभागी म्हणून आणि संशोधक म्हणूनही. म्हणूनच चांगले गट भरतीच्या वेळी त्याची विचारणा करतात आणि प्रत्येकाला त्याचा आकडा तोंडावर सांगत नाहीत.

मार्गदर्शक शोधताना त्यांच्या चाचण्या सुरू होण्याआधी नोंदवल्या जातात का ते सार्वजनिक नोंदवहीत बघ. नोंदवताना ठरवलेलं मुख्य मोजमाप आणि निबंधात छापलेलं मुख्य मोजमाप एकच आहे का तेही ताड. विद्यार्थ्यांची नावं निबंधांवर पहिली येतात का, तेही पाहा. मग पत्र लिही. त्यात आवड, स्वप्नं यांचा एकच परिच्छेद असू दे. वीस जणांची मापनत्रुटी, तिचा तक्ता आणि त्यांच्याच एका निबंधातल्या पद्धतीबद्दल एक नेमका प्रश्न जोड.